सतरा तारखेची सुट्टी

छापखान्यात नव्या वर्षाच्या कॅलेंडरची प्रुफं तपासताना मुद्रितशोधक बाई सतरा तारखेपाशी अडली. खाली होतं, 'माजी सैनिक दिन : युद्ध संपल्याची आठवण.' पण युद्ध तर नऊ तारखेला संपलं होतं!

"आठ दिवसांचा घोळ आहे," ती मालकांना म्हणाली.

"दरवर्षी असंच छापतो. सुट्टी मिळते ना? मग कशाला खोलात शिरतेस?"

पण डोक्याला भुंगा लागला तो लागलाच. संध्याकाळी ती शेजारच्या गल्लीतल्या सुभेदारकाकांकडे गेली. काका बुटांना पॉलिश करत होते. निवृत्तीला तीस वर्षं झाली तरी नेम चुकला नव्हता. काकू मटार सोलत होत्या.

"काका, सतरा तारीखच का हो?"

काकांनी ब्रश ठेवला. "आम्ही अकराजण डोंगरावरच्या चौकीत. वायरलेस बंद पडलेला. युद्ध संपल्याचं आठवडाभर कळलंच नाही. सतराला स्टेशनवर उतरलो तर चिटपाखरू नाही. हारतुरे, भाषणं, सगळं आटोपलेलं. मान खाली घालून शाळेवरून निघालो, तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा घणघणली. पोरं धावत आली, आमच्या पिशव्या घेतल्या नि एकेकाला घरी पोचवलं. पुढच्या वर्षी सतराला एकही पोर शाळेत गेलं नाही. सरळ आमच्या दारात! शेवटी नगरपालिकेनं सुट्टीच जाहीर केली."

"घंटा कुणी दिली?"

काका मिशीत हसले. "ही शाळेत शिपाई होती. आम्हाला पाहून हिनंच..."

"कुठलं काय!" काकू म्हणाल्या. "शाळेचं घड्याळ अर्धा तास पुढं पळत होतं. मी आपली वेळ झाली म्हणून टोले दिले."

काकांच्या हातातला बूट तसाच राहिला. "अगं, चाळीस वर्षांत बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कधी? त्याच कौतुकात लग्नाची मागणी घातलीत. मी कशाला मोडता घालू?"

"म्हणजे लग्न घड्याळानं लावलं म्हण की!" काका गदागदा हसले.

बाईचं मात्र समाधान होईना. "मग चूक कळल्यावर मुलांना परत नाही बोलावलं?"

काकूंचे हात थांबले. "हेडमास्तर ओरडत आले, पुन्हा घंटा दे म्हणाले. मी फाटकाबाहेर पाहिलं. एक चिमुरडी यांचं बोट धरून चालली होती, आणि हे रडत होते. मी हातोडी पाठीमागं लपवली. म्हटलं, सापडत नाही."

काका उठले. काकूंच्या शेजारी बसून मटार सोलू लागले.

दुसऱ्या दिवशी बाईनं प्रुफावरची ओळ खोडून लिहिलं, 'उशिरा परतलेल्या अकरा सैनिकांना मुलांनी घरी पोचवलं, तो दिवस.'

मालकांनी चष्मा वर करून वाचलं. "कोण गं हे अकरा?" म्हणाले, आणि खुर्ची ओढून ऐकायला बसले.