चार नंबरचं बटण

आमच्या टीव्हीला एक डबी लावलीय. किती लोक काय बघतात ते मोजणाऱ्या कंपनीची. तिच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण. एक माझं, दोन बायकोचं, तीन कॉलेजातल्या लेकीचं, चार आईचं. समोर बसलं की आपलं दाबायचं, उठलं की परत दाबायचं. ही डबी घोरणंसुद्धा मोजते असं मी मेव्हण्याला पटवलं होतं. बिचारा आमच्या सोफ्यावर ताठ बसून झोपायचा.

आईचे पाय गेल्यापासून तिचा सगळा दिवस टीव्हीपुढे. दुपारी एक म्हातारेबुवा कुंड्यांमधली झाडं दाखवायचे. मध्येच विचारायचे, झोपलात की काय? आई म्हणायची, नाही हो, बोला तुम्ही. आम्ही सगळे कामावर. दुपारी तिची विचारपूस करणारे ते एकटेच.

मग एकदा डबीवाला तपासणीला आला आणि चहा पिता पिता बोलून गेला, की हा कार्यक्रम बंद होणार. बघणारे सगळे पिकलेले, जाहिराती कोण देणार? वर म्हणाला, तुमचं एक घर म्हणजे हजारो घरं धरतात. आईचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. मग रोज कार्यक्रमाच्या वेळी दुकानातून पाच मिनिटं घरी येऊन मी तीन नंबर दाबायचो, चार बंद करायचो आणि परत पळायचो. लेक कॉलेजात, आणि डबीच्या लेखी ती घरी बसून गुलाबाची छाटणी शिकतेय.

कार्यक्रम वाचला. डबीवाला सांगत होता, तरुण पोरी बघायला लागल्यात म्हणे, वरचे खूश आहेत. मी गालातल्या गालात हसलो.

पुढच्याच महिन्यात म्हातारेबुवांना काढलं. तरुण पोरींसाठी रंगीत केसांचा एक पोरगा आणला. तो कुंडी घेऊन नाचायचा. कुणाला काही विचारायचा नाही.

आई हसेल म्हणून मी तिला सगळी गंमत सांगितली. ती हसली नाही.

"म्हणजे मी बघतच नव्हते, असं कळवलंस त्यांना?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी केलंस," ती म्हणाली, "आणि मलाच उठवलंस."

तिनं रिमोट मागून घेतला, चार नंबर दाबला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवायला सांगितली.

आता रोज दुपारी ती टीव्हीकडे पाठ करून बसते. मागे पोरगा नाचतो, डबीवर चारचा दिवा जळतो. कंपनीच्या हिशेबी आई एकही भाग चुकवत नाही.