पलीकडची धुराडी

मिहराननं पहिल्या खोलीतली चूल पेटवली आणि कंबर चोळत दुसरीकडे गेला. पाच खोल्या, पाच चुली आणि माणूस एकटा. युद्ध थांबल्यावर आर्मेनियाच्या सरहद्दीवरच्या या चौकीतली पोरं दुसरीकडे हलवली. मागे ठेवला हा साठीला आलेला राखीव गडी, नुसता धूर करायला. पलीकडच्या डोंगरावरून शत्रूला चौकी भरलेली दिसली पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलायला कोणी नाही, म्हणून मिहरान किटलीशी भांडे. कधीकधी हरेसुद्धा.

शेवटची चूल पेटवून तो बाहेर आला. समोरच्या डोंगरावर शत्रूच्या चौकीचं पहिलं धुराडं धुरावलं होतं. थोड्या वेळानं दुसरं. मग तिसरं. मधे तेवढाच वेळ, एका म्हाताऱ्याला या खोलीतून त्या खोलीत जायला लागेल एवढा. भरल्या चौकीत असं होत नाही. तिथं सगळ्यांना एकदमच थंडी वाजते. रोज बघत होता, उमगलं आज. मिहरान ओंडक्यावर बसला. त्याला हसू आलं.

आपलाही धूर तिकडच्या त्या एकट्याला असाच दिसत असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि तरी दोन हिवाळ्यांत तिकडून कोणी चालून आलं नव्हतं.

आत टेलिफोन वाजला. कॅप्टन आर्तुश, गावातलाच पोरगा.

"काका, नातीचा बाप्तिस्मा रविवारी ना?"

"हो. सोडतोस का?"

"तुमच्याच हातात आहे. वरचे साहेब खनपटीला बसलेत. समोर कोणी नसेल, तर पोरं पाठवून ती चौकी घेऊन टाकू म्हणतात. मग तुमचं तिथं काय काम? खुशाल घरी या."

मिहराननं मान वळवली. खिडकीतून खाली गाव दिसत होतं, मुलीच्या घरावरचे नवे पत्रे चमकत होते. जुनं छप्पर गेल्या युद्धात उडालं होतं. नातीचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं, आणि पाहायला जीव तुटत होता.

"डुलकी लागली का, काका? किती आहेत तिकडं?"

"चाळीस."

"नक्की?"

"जास्तच असतील. मेले दिवसभर रांधतात."

आर्तुशनं सुस्कारा सोडला. "मग हाही हिवाळा वरच काढावा लागेल तुम्हाला."

"काढीन. पोरीचं नाव काय ठेवलं, तेवढं कळव."

"कळवतो. एकटे आहात, जपा."

"एकटा कुठला," मिहरान म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.