रोज रिकामा येणारा डबा

मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात, हे मला ठाऊक आहे. मी तसलं काही करणार नाही. मला माणसांच्या अकलेची चीड येते, आणि इतकी वर्षं त्यांचं जेवण वाहिल्यावर तेवढा हक्क मला नक्कीच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली गेली आणि एका दणक्यात खोल होऊन बाहेर आली. असे तीन कप्पे, वर झाकण, दोन बाजूंना दोन खटके आणि धरायला एक कडी. तपासनीसाने मला पाण्याने भरलं, उलटं धरलं आणि म्हणाला, "गळत नाही." पुढच्या साऱ्या आयुष्यात इतकं प्रामाणिक कौतुक माझं कोणी केलं नाही.

मला विकत घेतलं ते लेथवर काम करणाऱ्या आजोबांनी. बावीस वर्षं मी त्यांच्या सायकलच्या हँडलला लटकून कारखान्यात गेलो. एकदा सायकल घसरली आणि माझ्या खालच्या कप्प्याला पोचा पडला, तो अजून आहे. आजोबांना भूक लागायची आणि ते जेवायचे. एवढी साधी गोष्ट माणसं किती अवघड करून ठेवू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आजोबा निवृत्त झाले आणि घरात प्लॅस्टिकचे रंगीत डबे आले. एकदा भाजीचा डाग पडला की जन्मभर पिवळं तोंड घेऊन फिरणारी ही जात! त्यांच्यासाठी मला माळ्यावर टाकलं. चार वर्षं मी फुटक्या बादलीशेजारी धूळ खात पडलो होतो. मग त्या रंगीत मंडळींची झाकणं एकेक करून वाकडी झाली, आणि आजोबांच्या सुनेने मला खाली काढून घासलं. ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला जाते. तिला स्वतःचा डबा भरायला वेळ नसतो, ती तिथल्या कँटीनमध्ये काहीतरी पोटात ढकलते. मला खाली काढलं ते तिच्या थोरल्या मुलीसाठी.

थोरली आठशे मीटर धावते. बारा वर्षांची असल्यापासून तिला एकच ध्यास होता, निवड चाचणीत पहिल्या दोघींत येऊन खेळाडूंच्या निवासी केंद्रात जायचं. धावण्याचे महिने चालू असताना तिची भूक बघून मला आजोबा आठवायचे. मैदानावरच्या बाकावर बसून ती तिन्ही कप्पे संपवायची आणि बोटं चाटायची. त्या दिवसांत मी खूश होतो, हे कबूल करतो.

मग मोसमाच्या शेवटच्या शर्यतीनंतर तिची नडगी दुखू लागली. हाडाला केसाएवढा तडा गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने धावणं बंद. नशिबाने मोसमही संपला होता आणि चाचणीला चार महिने होते. हातापायांचे हलके व्यायाम करायचे, पोटभर खायचं, झोपायचं आणि हाडाला भरू द्यायचं. एखाद्या बैलालाही समजलं असतं.

पण मैदानावर सर होते. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मत. दर सोमवारी ते प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या व्यायामशाळेत मुलींना वजनकाट्यावर उभं करायचे आणि आकडे फळ्यावर लिहायचे. जिचं वजन उतरलं तिच्यासाठी टाळ्या. थोरलीने तडा गेल्याचं सांगितलं तेव्हा ते शिट्टीशी खेळत म्हणाले, "पळणं बंद ना? मग खाणंपण निम्मं कर. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना टाकी कोण भरतं?"

मुली हसल्या. थोरलीही हसली. मी पिशवीत होतो, नाहीतर झाकण फेकून मारलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने ते सुरू केलं. आई पहाटे उठून खालच्या कप्प्यात शिजवलेले हरभरे आणि पालेभाजी, मधल्या कप्प्यात भात आणि वरच्यात दोन उकडलेली अंडी नाहीतर घट्ट दही भरायची. थोरली सकाळी व्यायामाला यायची, दुपारी त्याच बाकावर बसायची आणि भाताचे चार घास खाऊन बाकी सगळं काडीपुढे ओतायची. काडी म्हणजे मैदानावरची कुत्री. फासळ्या मोजता येतील इतकी हडकुळी होती, म्हणून हे नाव. मग थोरली मला नळाखाली धरून स्वच्छ धुवायची. खोटेपणातही किती तो नीटनेटकेपणा!

आणि घरी काय व्हायचं? आई झाकण उघडून आत बघायची आणि तिचा चेहरा फुलायचा. शेजारणीला सांगायची, "माझी थोरली डबा अगदी चाटूनपुसून संपवते. एक शीत उरत नाही." मला त्या कौतुकाची शिसारी यायची. बाई कारखान्यात शिवणीचा एक चुकलेला टाका हातभरावरून ओळखते, आणि पोरीच्या गालांची हाडं वर आलेली तिला दिसत नव्हती. रिकामा डबा बघून तिचं पोट भरत होतं.

सोमवारच्या फळ्यावर थोरलीचा आकडा उतरत गेला. टाळ्या वाढत गेल्या. सर म्हणायचे, "हिच्याकडून शिका." तिला जिना चढताना धाप लागायची, सर्दी हटत नव्हती, झोप उडाली होती, आणि नडगी दाबली की अजून दुखायची. तिला वाटायचं, दुखतंय म्हणजे अजून कमी खायला हवं. एवढ्या हुशार मुलीने इतकं खुळ्यासारखं वागावं याचा मला संताप यायचा. तिच्याकडून काही होणार नसेल तर निदान मी तरी बोलायला हवं होतं, पण डब्याला वाचा नाही. माझं काम अन्न पोचवण्याचं. मी ते बाकापर्यंत पोचवत होतो आणि पोटापर्यंत पोचत नाही हे गप्प बसून बघत होतो.

असेच अडीच महिने उलटले. एके दिवशी थोरली मला घरीच विसरली. आईला सुट्टी होती, म्हणून ती मला घेऊन मैदानावर आली. आम्ही बाकापाशी पोचतो न पोचतो तोच काडी धावत आली. ती आता गोल गरगरीत झाली होती, पोट जमिनीला लागायचं बाकी होतं. तिने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासमोर पुढचे पाय जुळवून बसली आणि शेपटीने माती झाडू लागली.

मैदानाची देखभाल करणारे काका गवताला पाणी घालत होते.

"काका, ही अशी का बसलीये?" आईने विचारलं.

"तिची जेवायची वेळ झाली ना," काका म्हणाले. "तुम्ही हा डबा आणणाऱ्या पोरीच्या आई का? फार पुण्य लागेल हो तुम्हाला. कुत्रीसाठी रोज वेगळा डबा, तोही अंड्याचा. दोन महिन्यांत कशी सुटलीये बघा."

आई बाकावर बसली. तिने मला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलं. व्यायामशाळेतून थोरली बाहेर आली आणि आईला बघून जागच्या जागी थांबली.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"मोसम संपल्यापासून."

"मी पाच वाजता उठते गं."

"माहितीये. वजन वाढलं असतं तर सरांनी चाचणीला उभंच केलं नसतं, आई."

आईने तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी पिशवीत होतोच. पायाचा नवा एक्स-रे काढला. तडा जिथल्या तिथे होता. बाईंनी तिला बरेच प्रश्न विचारले, आणि तिची पाळी दोन महिने आली नव्हती हे आईला तिथे पहिल्यांदा कळलं.

"तुझा पाय बसून आहे, हाड बसून नाहीये," बाई म्हणाल्या. "ते आत दिवसरात्र दुरुस्तीचं काम करतंय, आणि तू त्याचा मालच बंद केलास."

"सर म्हणाले, गाडी गॅरेजमध्ये असताना..."

"गाडी स्वतःची दुरुस्ती स्वतः करत नाही. शरीर करतं. तुझ्या सरांना एवढं सांग." त्यांनी कागदावर लिहून दिलं. दिवसातून पाच वेळा खायचं, प्रत्येक वेळी अंडं, दूध, दही किंवा कडधान्य असायलाच हवं, सोबत पोटभर भात आणि भाजी. भूक मेली असली तरी खायचं, ती हळूहळू परत येईल.

"आणि चाचणी?" थोरलीने विचारलं. "सहा आठवड्यांनी आहे."

"नाही," बाई म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी आई तिला घरी थांब म्हणत होती, पण ती मला घेऊन गेलीच. प्रेक्षकांत एकटी बसली. आठशे मीटरला जी मुलगी पहिली आली, तिची वेळ थोरली एरवी सरावात सहज गाठायची. थोरली रडत होती आणि जेवत होती. हरभऱ्याचा एकेक घास रडत रडत चावत होती. इतक्या वर्षांत माझ्यातून कोणी इतक्या कष्टाने जेवलेलं मी पाहिलं नाही.

सर जिन्याने वर आले. "वजन वाढलेलं दिसतंय," ते म्हणाले.

तिने तोंडातला घास आधी गिळला. "हो सर. हाडही भरतंय." आणि ती पुन्हा डब्यात वळली. सर शिट्टीशी खेळत आल्या जिन्याने खाली उतरले, हा माझ्या आयुष्यातला एक आनंदाचा क्षण आहे.

पुढच्या वर्षी ती निवडली जाईल का, मला माहीत नाही. एक वर्ष गेलं ते गेलं, ते कोणी परत देणार नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मला चकाचक ठेवा, माझा पोचा काढून द्या, असलं काही मी मागत नाही. मागणं एवढंच आहे, खेळ थांबला म्हणून शरीराच्या पुढ्यातलं ताट ओढून घेऊ नका. आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा निरोप द्या. थोरलीची आई हल्ली संध्याकाळी डबा उघडून आत बघत नाही. ती थोरलीला दिव्याखाली समोर बसवते आणि तिच्या तोंडाकडे बघते.