पिळदार शून्य

"शून्य? माझा फिटनेस शून्य?" गणपतआबांनी दंडाची बेटकुळी काढून दाखवली. एकाहत्तराव्या वर्षीही ती निघायची, आणि कोणी विचारलं नसलं तरी आबा ती काढायचे.

"बेटकुळीचा संबंध नाय, आबा," व्यायामशाळेच्या उंबऱ्याबाहेरून स्पृहा म्हणाली. ती त्यांच्या धाकट्या भावाची, जगदीशची नात, बारावीला होती. "बायोलॉजीत फिटनेस म्हणजे पुढच्या पिढीत आपलं किती उरलं, ते. मुलं, नातवंडं. तुम्हाला कोणीच नाय ना."

"आणि जगदीश? दोन जिने चढला की खुर्ची मागतो तो!"

"तीन मुलं, पाच नातवंडं. आजोबा एकदम फिट."

आबांनी कपाळावर हात मारला. जन्मभर ब्रह्मचर्य पाळायचं, पहाटे उठून जोर काढायचे, वडापावकडे पाठ करून चालायचं. आणि फिट कोण, तर पोट मांडीवर घेऊन बसणारा जगदीश! असली पुस्तकं लिहिणाऱ्यांना एकदा मल्लखांबावर उलटं टांगायला हवं होतं.

वैताग पुस्तकापुरताच असता तर बरं होतं. लालबागच्या या व्यायामशाळेत महिनाभर आबांखेरीज कोणी फिरकलं नव्हतं. रविवारी जागेची मालकी असलेल्या मंडळाची माणसं पाहणीला येणार होती. एकही पठ्ठा दिसला नाही, तर जागा पार्किंगला जाणार होती.

"पोरं का येत नायत?" स्पृहाने विचारलं.

"सगळी एसी जिमात. आरशासमोर फोटो काढतात."

"आणि तुमची जुनी?"

"लग्नं केली गाढवांनी!"

आबांना घडवणाऱ्या वस्तादांचा नियमच होता: लग्न झालं की मल्लखांब सुटला. आबांनी तो असा पाळला, की दर लग्नसराईत व्यायामशाळा निम्मी व्हायची. त्या जुन्या पठ्ठ्यांतल्या हितेंद्रसारखी पकड अख्ख्या परळात नव्हती. तो स्वतःच्या मुलाला शिकवायला घेऊन आला, तर आबांनी बापाला दारातच अडवलं. बाप गेला, त्याच्या बोटाला धरून मुलगाही गेला.

"आणि मुली?"

"बायकांनी उंबरा ओलांडायचा नाय. वस्तादांचा दुसरा नियम."

स्पृहाने समोरच्या उंबऱ्याकडे पाहिलं. "आबा, डायनोसॉरवर निदान दगड तरी पडला होता."

"जीभ आवर, भवाने!"

ती हलली नाही. "मला शिकवा ना. खरंच सांगते."

"वस्ताद काय म्हणतील?"

"ते गेले, आबा."

"म्हणून तर विचारता येत नाय!"

आबा येरझाऱ्या घालू लागले. कोणी चढत नसतानाही रोज एरंडेल चोळल्यामुळे मल्लखांब नुसता चकाकत होता. तिसऱ्या फेरीला ते थांबले आणि भांडल्यासारखे ओरडले, "चप्पल बाहेर काढ! केस घट्ट बांध! आणि मांडीने पकडायचं, हाताने नाय. कळलं?"

त्यांनी कोपऱ्यातली गादी ओढून खांबाखाली टाकली. मग भिंतीजवळ जाऊन वस्तादांच्या तसबिरीवर खांद्यावरचा टॉवेल घातला.

दोन पावलं मागे आले. पुन्हा गेले, आणि टॉवेलचं एक टोक जरासं वर केलं. वस्तादांचा एक डोळा उघडा राहिला.