माझ्या दांड्यावरची बोटं

या मित्रांनो, असे जवळ सरका. माझं एक चाक अडतं, म्हणून मला तुमच्याकडे येता येत नाही. सावरून बसा, चित्त इकडे द्या. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, पण ऐकून ठेवण्यासारखी आहे.

मी एक जुना सलाइनचा स्टँड आहे. उभा पोलादी दांडा, वर आकडे, खाली चाकं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. कॅन्सरची औषधं देतात त्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी मला उभं केलं. माझ्या डोक्यावर बाटली टांगायची आणि औषध थेंबथेंब माणसाच्या शिरेत उतरायचं. "हा सरळ चालतो हो," म्हणत मावशी आधी मलाच ओढून न्यायच्या. तेवढ्या कौतुकावर मी खूश असे.

एके दिवशी त्या खुर्चीत एक बाइंडरकाका येऊन बसले. उसवलेली पुस्तकं पुन्हा शिवून द्यायचा त्यांचा धंदा. फुप्फुसात गाठ निघाली होती. सोबत थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेल्यामुळे अक्कांनीच त्यांना वाढवलेलं. काकांचे केस पांढरे झाले तरी अक्का त्यांना रस्ता ओलांडताना हाताला धरत.

"सिस्टर, ही बाटली आत जाऊन करते तरी काय?" काकांनी विचारलं.

सिस्टरांना समजावून सांगायची हौस होती. "काका, प्रत्येक पेशीत एक पुस्तक असतं असं समजा. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी ते उघडून त्याची नक्कल काढावी लागते. गाठीतल्या पेशी नकला काढतच सुटतात. हे औषध समोरासमोरची पानं चिकटवून टाकतं. पुस्तक उघडत नाही, नक्कल निघत नाही, पेशी मरते."

"आम्ही असं केलं तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढायचं नाही."

"अरे, ऐकून तर घे," अक्का म्हणाल्या. "आणि ती दुसरी बाटली?"

"नक्कल झालीच, तर दोन पुस्तकं दोन बाजूंना ओढून न्यायला पेशीत दोऱ्या असतात. ही त्या दोऱ्या ताठ करून टाकते. पेशी मधेच अडकते. आणखीही जाती आहेत. एक जात नक्कल काढणाऱ्याला खोटी अक्षरं पुरवते. काही गोळ्या गाठीवर ठरावीक खूण असेल तरच लागू पडतात. तुमच्या तपासणीत ती खूण निघाली नाही."

"कपाळावरही काही लिहिलेलं नाही माझ्या."

सिस्टर हसल्या, मग थांबल्या. "एक लक्षात ठेवा. या बाटल्यांना गाठ कुठली आणि चांगली पेशी कुठली हे धड कळत नाही. भराभर वाढणारं दिसलं की धरलं. म्हणून केस जातात, तोंड येतं. शिवाय तसल्याच दोऱ्या आपल्या मज्जातंतूंतही असतात. बोटांना मुंग्या आल्या, बटण लागेनासं झालं, की लगेच सांगायचं. डोस कमी करू."

इथेच गफलत झाली, मित्रांनो. एवढ्या सगळ्या बोलण्यातून काकांनी शेवटचं तेवढंच मनात धरलं. सिस्टर वळल्यावर ते अक्कांना म्हणाले, "टाके कमी घातले की पुस्तक सुटतं. मला कमी टाक्यांचं काम नको." त्यांच्या धंद्यात ते खरंच होतं. अक्कांनी मान डोलावली.

लघवीला जाताना काका मला धरून जात. सुरुवातीला अंगठा आणि दोन बोटं, सुई धरावी तशी हलकी पकड. पुढे सगळी मूठ. मग एकदा त्यांनी कोपरच माझ्याभोवती अडकवला आणि तसेच चालले. मला कळलं. पण मला तोंड कुठे आहे?

"बटणं लागतात ना, काका?" सिस्टर दर खेपेला विचारत.

"ही काय, लागलेलीच आहेत."

लावलेली असत अक्कांनी, घरून निघताना. एकदा एक सुटलं, तेव्हा माझ्या आडोशाला उभं राहून त्यांनी ते पटकन लावलं.

"सिस्टर बघतील."

"गप बस. मान वर कर."

एकदा काकांनी शिवायला थोडी पानं आणली. हात चालतो हे दाखवायचं होतं. सिस्टरांशी गप्पा मारत त्यांनी सुई घातली, ओढली, पुन्हा घातली. पानावर लाल ठिपका उमटला, मग दुसरा. काका बोलतच होते.

"काका, सुई बोटात गेलीय."

त्यांनी बोटाकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं पाहिलं.

"कधीपासून कळत नाही?"

"बटणं मी लावायचे," अक्का म्हणाल्या. "औषध कमी केलं असतं ना तुम्ही."

सिस्टर खाली बसल्या. "कमी केलं असतं, नाहीतर त्या जागी दुसरं दिलं असतं. म्हणून काही तुम्हाला सोडून दिलं नसतं, अक्का."

पुढच्या तपासणीत दिसलं, गाठ वाढलीच होती. मग निराळी बाटली माझ्या डोक्यावर आली. रक्तात पहारेकरी असतात, गाठ त्यांना 'मी घरचीच' असं भासवते, आणि हे औषध ते सोंग मोडतं, असं सिस्टरांनी सांगितलं. कुणाकुणाचे पहारेकरी जागे होतात. काकांचे झाले नाहीत.

"आता सगळं बंद केल्यावर बोटं परत येतील?" त्यांनी शेवटच्या दिवशी विचारलं.

"येतात कधी कधी. महिनोन्महिने लागतात."

"मग अक्का, ती येतील तेव्हा तू घरी अस. मी नसेन."

कुणी हसलं नाही.

नंतर अक्का एकट्या आल्या, काकांच्या दुखण्यावरच्या उरलेल्या गोळ्या परत द्यायला. मला धरून उभ्या राहिल्या. "मी सांगितलं असतं तर वाचला असता का?"

"असं नाही म्हणता येत," सिस्टर म्हणाल्या. "बोटं कदाचित राहिली असती."

"शेवटी शेवटी तो नुसता सुईकडे बघत बसायचा," अक्का म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी मला सोडलं नाही.

आता माझा दांडा गंजलाय. मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत आहे, आणि मला तेल घाला असं मी म्हणत नाही. मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी त्या खुर्चीत बसलं तर अंगात जे होतंय ते सिस्टरांना सांगा, लाजू नका, भिऊ नका. आणि रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा अक्कांसाठी एवढं मागा, की त्यांनी केलं ते मायेनंच केलं, हे त्यांना पटू दे. बाइंडरची बहीण म्हटलंत तरी देव ओळखेल.