चुडामणरावांची सायकल आणि माझा तास

आमचे हे, म्हणजे चुडामणराव, पेपर मिलमधून रिटायर झाले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात ड्युटीवर हजर झाले. मिलमध्ये जन्मभर कागद उजेडासमोर धरून त्याची जाडी पाहिली. आता तव्यावरून उतरलेली पोळी खिडकीसमोर धरायचे. "इकडून जाड आहे," म्हणायचे. डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हापासून मला हिंग सापडेना. सासूबाईंनीसुद्धा माझ्यावर इतकं लक्ष ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात ह्यांची शुगर वाढली. बातमी वाईटच. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज तासभर सायकल चालवा. शुगर उतरेल, झोप लागेल, मन प्रसन्न राहील." माझं मन तिथल्या तिथे प्रसन्न झालं. तासभर! घरात मी एकटी, रेडिओ, आणि कुणी न तपासलेला चहा. जिन्याखालची जुनी सायकल मीच ओढून काढली, पुसली, हवा भरून आणली.

सकाळी हे निघाले. मी कडी लावली, रेडिओ लावला, चहा गाळला. पहिला घोट घेते तोच दारात हॉर्न. शेजारचा रितेश मोटरसायकलवर, आणि त्याचा एक पाय ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरला टेकलेला. "काकू, काका चढावर थकून गेले होते. टोचन करके घेऊन आलो." बिघडलेली गाडी अशी ढकलत नेण्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. मी हसून "बरं केलंस बाबा" म्हणाले. निदान मला तरी वाटलं की मी हसले.

दुसऱ्या दिवशी हे केळीवाल्या भाईदासच्या टेम्पोतून उतरले. सायकल केळीच्या घडांवर आडवी, आणि हे पुढे ऐटीत, हातात दोन केळी. शुगरच्या माणसाला! "वहिनी, भाऊ इतक्या धूपात पायडल मारत होते, मले पाहवलं नाही," भाईदास म्हणाला. बुऱ्हाणपुरात माणुसकीला तोटा नाही, हेच माझं दुर्दैव. मोठ्या शहराची गर्दी, धूर, हॉर्न सगळं आहे. फक्त अनोळखी माणूस मिळत नाही. पलीकडच्या घरातली सुलभा तर भिंतीवरून हळूच विचारून गेली, "भाऊंनी स्कूटर इकली का वो?"

शेवटी मी एक पुठ्ठा घेतला. त्यावर सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत लिहिलं, "गाड़ी ठीक है, मदद मत करो," आणि तो सीटच्या मागे बांधून दिला. सुरुवातीला लोक तो वाचायला थांबायचे, आणि वाचून झालं की मदत का नको ते विचारायचे. हळूहळू थांबेनासे झाले. मला माझा तास मिळाला, अगदी पुरता. हे बरोबर तासानं परत यायचे, आणि मी इतकी खुशीत असायचे की पोळीबद्दलचं मतही ऐकून घ्यायचे.

शुगर मात्र जागची हलेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सायकल चालवता ना?" तर हे पंख्याकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, ह्यांची लाडकी मावा जिलेबी! दुसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी हे निघाले आणि मागोमाग मी रिक्षा केली. जिलेबीच्या दुकानात हे नव्हते. "काका? काका तो अब आतेच नहीं," हलवाई जरा दुखावूनच म्हणाला. रोज घाटाकडे जाताना दिसतात, एवढं मात्र त्यानं सांगितलं. रिक्षा राजघाटाकडे वळवली.

तिथे पायऱ्यांवर हे बसले होते. सायकल बाजूला, समोर तापी, हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ.

"हे काय?" मी ओरडले. "डॉक्टरांनी चालवायला सांगितलीय, टेकून ठेवायला नाही!"

"चालवतो ना. चालवतो, थकतो, मग बसतो."

"मग घरी का येत नाही?"

"तुझा तास व्हायचा असतो."

"माझा तास? कुणी सांगितलं?"

"मी निघालो की कडी वाजते, अन् लगेच रेडिओ. मले ऐकू येतं." हे नदीकडेच बघत होते. "पहिल्या दिवशी रितेशनं लवकर आणलं ना, तू दार उघडलं, तवा तुझं तोंड पाहिलं मी. मग म्हटलं, लवकर नाही जायचं."

मला फार वाईट वाटलं. आणि इतकं वाईट वाटायला लावलं म्हणून रागही आला. हा माणूस रोज उन्हात घड्याळ धरून बसत होता, मला सुखानं चहा पिता यावा म्हणून! शुगर कशी उतरणार? मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. मग म्हटलं, "उद्या हिंग कुठे ठेवलंय ते दाखवा."

"आता निघू का?" ह्यांनी विचारलं.

रिक्षा मी परत पाठवली आणि कॅरिअरवर बसले. हे पायडल मारू लागले. घाटाच्या चढावर सायकल डुलायला लागली, आणि तेवढ्यात मागून रितेश. मी बसल्यामुळे बोर्ड झाकला गेला होता. "अरे, आज काकू पण? गाडी खराब झाली का?" म्हणत त्यानं पाय लावलाच. मी सीट घट्ट धरली. चढ संपेपर्यंत भर्रकन गेलो.

वर आल्यावर मी म्हटलं, "रितेश, आता पाय काढ. ह्यांना चालवू दे."

रितेश गेला. ह्यांनी धापा टाकत विचारलं, "घरीच ना?"

"घरी कशाला?" मी म्हटलं. "माझा तास अजून उरलाय. लांबच्या रस्त्यानं, शनवाऱ्यावरून घ्या."