बिजागरीचं तेल

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही आधी हसाल. माझा मूळचा हिरवा रंग उडून गेला आहे, अंगभर गंज चढला आहे आणि छताचं कापड उंदरांनी कुरतडलं आहे. बॉनेट उघडून आत डोकावलंत, तर मात्र एका जागी बोटभर हिरवा रंग अजून तसाच दिसेल. तो तिथेच का टिकला, ते मी शेवटी सांगणार आहे. मी एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे आणि माझी चारही चाकं एकदम ओढू लागली, की तुमच्या गुळगुळीत नव्या गाड्यांनी माझ्या मागेच राहावं. फुशारकी वाटली तर वाटू द्या. फार दिवस कुणाशी बोलले नाही, की असं होतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते मंद्रूप गाव. विरुपाक्षअण्णांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, दाक्षायणीकाकूंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. आमच्याकडची काळी माती पाऊस पडला की चाकं धरून बसते. टेम्पो रुतला, ट्रॉली रुतली, की गावात एकच आवाज उठायचा, "अण्णांची जीप आणा की!" मग मी जायचे, दोर बांधून घ्यायचे आणि ओढून काढायचे. रात्री-अपरात्री अडलेल्या बायकांना मी सोलापूरच्या दवाखान्यात पोचवलं आहे. तेव्हा माझे लाड व्हायचे. पोरं माझ्या बंपरवर बसण्यासाठी भांडायची.

वर्षातला माझा दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन, तेल लावून पूजायची असतात. नांगर, विळे, खुरपी, काकूंचं शिलाई मशीन, सगळ्यांचं झालं की माझी पाळी यायची. अण्णा पुढे उकिडवे बसून चाकांखाली लिंबं ठेवायचे. काकू करडईच्या तेलाची वाटी घेऊन बॉनेटखाली वाकायच्या आणि म्हणायच्या, "हिलाबी सणाचं तेल पायजे की!" मग बोटभर तेल घेऊन त्या बॉनेटच्या बिजागरीला लावायच्या. एवढंच. पण उघडलेल्या बॉनेटच्या आड त्या काय करतात, हे अण्णांनी कधी उठून पाहिलं नाही. वाटी घेऊन त्या वाकल्या, इतकंच त्यांना ठाऊक होतं.

मग एका उन्हाळ्यात काकू गेल्या. त्या वर्षीच्या खंडेनवमीला अण्णा एकटेच माझ्याजवळ आले. लिंबं त्यांनी ठेवली, नारळ फोडला, मग वाटी घेऊन बॉनेटखाली वाकले आणि तिथेच अडले. तेल घालायचं कुठे? बिजागरीच्या अगदी शेजारी ब्रेकच्या तेलाची छोटी डबी असते. अण्णांनी तिचं झाकण फिरवलं.

मी ओरडले असते, मित्रांनो. पण माझ्या गळ्यात फक्त हॉर्न आहे आणि तोही दुसऱ्या कुणी दाबावा लागतो.

"तिच्यासारकं मला जमत न्हाय," अण्णा म्हणाले, "पर तुजं सनाचं तेल चुकू देनार न्हाय." आणि त्यांनी वाटी डबीत रिकामी केली. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

ब्रेकचं तेल वेगळं असतं. त्यात खायचं तेल गेलं, की ब्रेकच्या आतले रबर फुगतात. फुगलेले रबर आधी चाकं नको तेव्हा धरून ठेवतात आणि मग एक दिवस धरायचंच विसरतात. माझा तो दिवस नेमका बाजाराचा निघाला. अण्णांच्या शेजारी त्यांची नात ओवी बसली होती. समोर माणसांची गर्दी होती. अण्णांनी ब्रेकवर पाय दिला आणि तो थेट तळाला गेला. त्यांनी सगळा जोर लावून हँडब्रेक ओढला, मला कडेला वळवलं आणि मी कडब्याच्या ढिगात तोंड खुपसून थांबले. कुणाला खरचटलंही नाही. ओवी तर खिदळत होती. अण्णांनी मात्र त्या दिवसानंतर माझ्या स्टिअरिंगला हात लावला नाही.

त्यांचा मुलगा सुबोध सोलापुरात कॉलेजच्या कचेरीत नोकरीला आहे. त्याने मला ओढून कुंभारीच्या रस्त्यावर बिरुदेव मिस्त्रींच्या गॅरेजात आणलं. मिस्त्रींनी ब्रेकचे रबर बदलले, डबीत नवं तेल भरलं. ब्रेक चांगला लागू लागला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गेला. त्यांनी पुन्हा रबर बदलले, पुन्हा तेच. ते करडईचं तेल चाकांपर्यंतच्या नळ्यांमध्ये लपून बसलं होतं आणि नव्या रबरांनाही फुगवत होतं. हे कुणाला कसं कळावं? शेवटी मिस्त्री म्हणाले, "वय झालं हिचं, साहेब. आता किती खर्च करनार?" सुबोधने मान डोलावली. माझं काय दुखतंय ते मला कळत होतं, पण विचारणारं कुणी नव्हतं.

मग मी गॅरेजच्या मागे बाभळीखाली पडून राहिले. एका कुत्रीने माझ्याखाली पिल्लं घातली. मला बरं वाटलं, पण पिल्लं चालू लागताच ती त्यांना घेऊन निघून गेली. माझ्या चाकांतली हवा उतरली. रस्त्याने एखादी मोटारसायकल हळू झाली, की मला वाटायचं, अण्णा आले. ते आले नाहीत. एक दिवस सुबोध मिस्त्रींना सांगताना मी ऐकलं, की दसरा झाला की भंगारवाला येऊन मला तोडून नेणार आहे.

खंडेनवमीला मिस्त्रींनी पाने-पकडी, जॅक मांडून झेंडूची फुलं वाहिली. आणि सुबोधच्या मोटारसायकलवर मागे बसून अण्णा आले. हातात झाकलेली वाटी होती.

"शेवटचं तेल घालतो हिला," असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि डबीचं झाकण काढलं.

"अण्णा, थांबा की! ह्ये काय घालताय?" मिस्त्री धावतच आले.

"सनाचं तेल. दाक्षायणी घालायची की दरसाल."

मिस्त्रींनी वाटीत बोट बुडवून वास घेतला. "करडईचं? गेल्या साली बी हितंच घातलं हुतं?"

"व्हय."

सुबोध हळूच म्हणाला, "अण्णा, आई तिथे घालत नव्हती. ती बिजागरीला लावायची. मी लहान असताना बॉनेट धरून उभा राहायचो ना."

अण्णा माझ्या बंपरवर टेकले. "म्हंजे हिचं वय झालं न्हवतं," ते म्हणाले. "मला वाटलं, हीबी दाक्षायणीमागं निगाली."

भंगारवाल्याला नको म्हणून निरोप गेला. मिस्त्रींनी माझ्या सगळ्या नळ्या सोडवून धुतल्या, चारही चाकांचे रबर नवे घातले. आता ब्रेकवर पाय दिला की मी जागच्या जागी थांबते. पण अण्णांना संध्याकाळी नीट दिसत नाही, सुबोध आठवड्यातून एकदाच येतो, आणि मी मंद्रूपच्या अंगणात बहुतेक वेळ एकटीच उभी असते.

तरी गॅरेजातल्या त्या खंडेनवमीचं मी विसरणार नाही. सुबोधने बॉनेट धरलं आणि अण्णांनी बोट तेलात बुडवून विचारलं, "हितं?"

"हो, तिथेच."

तिथे गंज नव्हता. काकूंचं बोट वर्षानुवर्षं जिथे फिरलं होतं, तेवढाच रंग हिरवागार राहिला होता. अण्णांनी त्यावरून तेलाचं बोट फिरवलं. त्यांना पहिल्यांदाच ती जागा दिसत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस रोज काहीतरी जपत असतं. कसं जपतं, ते आजच उठून जवळ जाऊन पाहा. नंतर विचारायला ते माणूस नसतं, आणि आमच्यासारख्यांना सांगता येत नाही.